लंगडी हजेरी

उंब्रजच्या स्टँडवरून सुटलेली एस.टी. फर्लांगभरसुद्धा गेली नसेल, तोच आमच्या मागच्या बाकावरून अशी कर्कश शिट्टी वाजली की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. पुढच्या बाकावर बसलेल्या म्हातारीच्या पाटीतली कोंबडी उडाली ती थेट माझ्या मांडीवर. मी अकरा वर्षांचा होतो. एस.टी. थांबवायचा हक्क या जगात फक्त कंडक्टरला असतो अशी माझी ठाम समजूत होती, त्यामुळं मला कोंबडीपेक्षा शिट्टीचाच धक्का मोठा बसला.

“एक मानूस कमी हाय,” मला शिबिराला नेणारे नायक उभे राहून म्हणाले. “गाडी हलायची न्हाई.”

कंडक्टर तणतणत मागं आला. “कोन कमी हाय? मी डबल घंटी दिलीया!”

“तिकिटं किती फाडली?”

“अडतीस.”

“मी तीनदा मोजली. मानसं सदतीस. उंब्रजला कुनी उतरलं न्हाई, कुनी चढलं न्हाई. मग अडतिसावा गेला कुठं? गिनती झूठ नहीं बोलती!”

मेच्या उन्हात गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली. लोकांनी बाकांखाली वाकून पाहिलं. एक उत्साही पैलवान पळत स्टँडवर गेला आणि चहाच्या हॉटेलातून एका झोपाळू माणसाला बखोटीला धरून घेऊन आला. “आवं मला कुठंबी जायचं न्हाई, मी हितलाच हाय!” असं तो ओरडत होता, पण ड्रायव्हर म्हणाला, “बसा गप. भरले अडतीस.” बिचाऱ्याला जवळजवळ बसवलाच होता. शेवटी त्या कोंबडीवाल्या म्हातारीनं माझ्या मांडीवरची कोंबडी उचलता उचलता विचारलं, “आवं पावनं, तुमी तुमचं तिकीट काडलंया न्हवं?”

नायकांनी सदऱ्याच्या खिशातून तिकीट काढलं. बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे ओशाळतील, माफी मागतील. छे! ते खाली बसले आणि समाधानानं म्हणाले, “म्हंजे कमी न्हवता. बरं झालं. चला हाना गाडी.”

मला धक्के लवकर बसतात हे आधीच कबूल करतो. आमच्या घराण्यातच ते आहे. आमच्या आत्याला तर दूध उतू गेलं तरी मटकन खाली बसावं लागे. पण नायकांच्या सहवासात जितके धक्के मी खाल्ले तितके पुढच्या सबंध आयुष्यात खाल्ले नाहीत.

नायक म्हणजे नाटकातले नायक नव्हेत. फौजेतला हुद्दा. दंडावर दोन फिती घेऊन ते निवृत्त झाले आणि मग लोक त्यांचं रामचंद्र साळुंखे हे नावच विसरले. साठ सालच्या सुमाराला साताऱ्यापासून चार मैलांवर, कृष्णेच्या काठी, एका शाळेत दर मे महिन्यात मुलांचं शिबिर भरायचं. पोहणं, लाठी, मल्लखांब, सकाळी भिजवलेले हरभरे आणि संध्याकाळी पिठलं-भाकरी-भात. सांगली-साताऱ्याकडची एकेचाळीस पोरं आणि त्यांना सांभाळायला एकटे नायक. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, गळ्यात सुतळीला बांधलेली पितळी शिट्टी आणि काखेत हजेरीची वही. एक वेळ सोडली तर ती वही त्यांनी कुणाच्या हातात दिलेली मी पाहिली नाही. आंघोळीला जातानाही ती घाटाच्या पायरीवर, शिट्टीखाली दाबून ठेवलेली असे.

त्यांना मोजायचं वेड होतं. पैसाअडका नव्हे, माणसं. जेवायला बसलो की मोजायचे, उठलो की मोजायचे. एकदा साताऱ्यात आम्हाला कुणाच्या तरी लग्नाचं बोलावणं होतं, तर तिथं यांनी मंगलाष्टकं चालू असताना मांडवातले सगळे वऱ्हाडी मोजून काढले आणि नवऱ्या मुलाच्या बापाला जाऊन सांगितलं, “एकशे बारा. आता घरी जाताना एवडीच भरली पायजेत.” तो गृहस्थ अक्षता हातात धरून बघतच राहिला.

पण नदीवरची हजेरी म्हणजे त्यांचा देव्हाराच. पाण्यातून बाहेर आलो की लांब शिट्टी. आम्ही ओल्या चड्ड्यांनिशी घाटावर रांगेत उभे. नाव नाही, नंबर. एक-दोन ही जोडी, तीन-चार ही जोडी, अशा जोड्या. नायक नंबर पुकारणार, आपण “हजर” म्हणायचं. मग ते विचारणार, “जोडीदार?” आणि इथं खरी गंमत. लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी मान वळवून जोडीदाराकडे डोक्यापासून पायापर्यंत बघायचं आणि मगच “हजर” म्हणायचं.

“आदी बगायचं, मग बोलायचं,” हे त्यांचं रोजचं पालुपद. “न बगता हजर म्हनलं का ती लंगडी हजेरी. लंगडी हजेरी मला चालायची न्हाई. नदी काय सांगून न्हेती का रं? तू हितं हजर हजर म्हनशील आनि गडी तिकडं पान्याखाली गपगार.”

लंगडी दिली की पूर्ण रांगेची हजेरी पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं आम्ही एकमेकांकडे असे टक लावून बघायचो की नवीन माणसाला वाटावं, ही पोरं बिथरलीयत.

जोड्या लावायची त्यांची तऱ्हा ऐकून तर घरोघरच्या लोकांना घेरी यायची बाकी राहिली. सतरा नंबरचा बाबू मगदूम आष्ट्याच्या जैन घरातला. वडिलांचा शेंगांचा व्यापार, घरात कांदाही चिरायचा नाही. अठरा नंबरचा नामदेव कांबळे उंब्रजच्या पलीकडचा. त्याच्या घरानं चार वर्षांपूर्वीच बौद्ध धर्म घेतला होता आणि गावानं त्यांच्याशी बोलणं जवळजवळ टाकलं होतं. या दोघांची जोडी! एकत्र पोहायचं, एकत्र जेवायचं. बाबू दिवस मावळायच्या आत जेवायचा, म्हणून नामदेवालाही तेव्हाच जेवावं लागे. मग साडेआठला नामदेवाला पुन्हा भूक लागायची आणि बाबू नियमाप्रमाणे त्याच्या शेजारी मिटल्या तोंडानं बसून तो खातो ते बघत राहायचा.

ही बातमी आष्ट्याला पोचली. तिसऱ्या दिवशी बाबूचे वडील पांढरंशुभ्र धोतर सावरत शिबिरात आले. आम्ही पोरं झाडाआड.

“नायक, आमच्या पोराची जोडी बदला,” ते म्हणाले.

नायकांनी खुणा केलेला एक बांबू आणला. बाबूला त्याला टेकवून उभा केला. मग नामदेवाला. दोघांची डोकी एकाच खुणेला लागली.

“उंची बगून जोडी लावलीया,” नायक म्हणाले. “सारखी उंची आसली म्हंजे पान्यात डोकी सारखी दिसत्यात. एक खाली ग्येलं का दुसऱ्याला तवाच कळतंय. तुमी तुमच्या पोराची उंची बदला, मी जोडी बदलतो.”

बाबूच्या वडिलांनी स्वतः वाकून ती खूण तपासली. ते आल्या पावली परत गेले. पुढच्या मेमध्ये ते पुन्हा आले तेव्हा त्यांच्या हातात भाजक्या शेंगांच्या दोन पिशव्या होत्या. एक बाबूची आणि दुसरी नामदेवाची. मी हे घरी सांगितलं तेव्हा आत्या मटकन खाली बसली, हे वेगळं सांगायला नको.

आता माझी गंमत ऐका. मी एकेचाळीस नंबर. म्हणजे शेवटचा, विषम, बिनजोडीचा. बेचाळीस नंबर नव्हताच. मी पहिल्या दिवशी रडायच्या बेताला आलो होतो, तेव्हा नायक म्हणाले, “रडतोस कशापायी? तुजा जोडीदार मी.” उंचीचा बांबू त्यांनी त्या वेळी आणला नाही, कारण मी त्यांच्या कमरेला लागत होतो.

मला यात लय फायदा दिसला. अहो, साधी गोष्ट. “जोडीदार?” असं विचारणारा माणूसच जर जोडीदार, तर तो हजर असणारच! त्याच्याकडे बघायचं कशाला? त्यामुळं मी नदीकडे बघत, नाकातलं पाणी शिंकरत, कधी पलीकडच्या काठावरच्या म्हशी मोजत ठोकून द्यायचो, “हजर!” नायक एक क्षण थांबायचे, वहीत काहीतरी करायचे आणि सोडून द्यायचे. एकट्या माझी लंगडी त्यांनी कधी पकडली नाही. मला वाटलं, त्यांना कळतच नाही.

दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी त्यांनी शिट्टी आणि वही चक्क बाबूच्या हातात दिली. आम्ही हबकलो. बाबू मोठ्या रुबाबात नंबर पुकारत पुकारत शेवटी आला. “एकेचाळीस?” “हजर.” “जोडीदार?” मी म्हशींकडे बघत म्हणालो, “हजर!”

माझ्या मागं पाण्यात खळबळ झाली. घाटाच्या शेवटच्या पायरीआडून, डोक्यावर हिरवं शेवाळ घेऊन, नायक उभे राहिले. किती वेळ नाकापर्यंत पाण्यात बसले होते कुणास ठाऊक! ओठ निळे पडले होते. आता छडी, उठाबशा, काहीतरी भयंकर, असं मला वाटलं.

“मी मेलो आसतो रं,” ते अगदी सहज म्हणाले, “आनि तू मला हजर करून मोकळा झाला आसतास.”

शिक्षा काय? तर दुसरा दिवसभर पोहणं बंद, खेळ बंद. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत नायकांच्या मागं मागं फिरायचं आणि त्यांच्याकडे बघायचं. बस्स. असली शिक्षा मी आजवर कुठं ऐकलेली नाही. एखाद्या माणसाकडे सबंध दिवस बघणं हे किती अवघड काम आहे ते करून पाहा. दुपारपर्यंत माझी मान आखडली.

पण त्या दिवशी मला काही गोष्टी दिसल्या. त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीला पुढचं पेर नव्हतं. ते वाचताना ओठ हलवायचे. आणि सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर ते स्वयंपाकाच्या खोलीत गेले तेव्हा आमची स्वयंपाकीण बायनाबाई त्यांच्यावर कडाडली, “आवं नायक, एकेचाळीस पोरं, एक मी, एक पान्याचा गडी. तिरेचाळीस पानं. रोज मला तिरेचाळीस सांगता. मग तुमी काय वारा खाता व्हय?”

“मोजनाऱ्यानं सोताला मोजायचं नसतंय, बायनाबाई,” असं म्हणत नायकांनी पातेल्याच्या बुडाला लागलेला भात उलथन्यानं खरवडून घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला. मला खूप हसू आलं. एस.टी.तलं ते अडतिसावं तिकीट आठवलं. वेडा माणूस, मी मनात म्हणालो, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा म्हशींकडे बघायला लागलो.

बासष्टच्या मेनंतर शिबिर बंद झालं. शाळेला नवी इमारत बांधायला घेतली आणि मैदान विटांनी भरून गेलं. नायक पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेच्या खोऱ्यात, आपल्या गावी गेले. तिथं त्यांचं कोण होतं, घर कसं होतं, आम्ही कुणी विचारलं नाही. एकेचाळीस जणांतल्या एकानंही नाही.

पुढच्या दिवाळीत आमच्या सांगलीच्या घरी एक कार्ड आलं. पत्ता ठळक अक्षरांत, आणि मजकूर एवढाच: ‘४१?’

तेव्हा मुंबईहून ते मटक्याचे आकडे लावायचं खूळ नुकतंच आमच्याकडे पोचलं होतं. आत्यानं ते कार्ड चिमटीत धरून वडिलांसमोर ठेवलं. “अगं बाई! कारट्याला मिसरूड फुटलं नाही अजून आणि आकडे लावायला लागला! आणि आकडा कार्डावर मागवतोय, पोस्टमनसमोर!” वडिलांनी मला उभा केला. अर्धा तास मी शिबिर, नदी, जोडीदार समजावून सांगत होतो. शेवटी वडील हसले आणि म्हणाले, “मग उत्तर दे त्यांना.” मी कार्ड टाकलं: ‘हजर.’

दर दिवाळीला हे चाललं. ‘४१?’ आणि ‘हजर.’ सहासष्टमध्ये मी कॉलेजात गेलो. नवे मित्र, नवा सदरा, केसांना तेल लावायचं बंद. त्या दिवाळीला कार्ड आलं, ते पुस्तकात ठेवलं आणि उत्तर राहून गेलं. सदुसष्टच्या दिवाळीला कार्डावर पहिल्यांदाच एक शब्द जास्त होता: ‘४१? जोडीदार?’ मी ते मित्रांना दाखवून हसलो. त्यालाही उत्तर दिलं नाही.

त्याच डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. सांगलीत आमच्या फडताळातले डबे धडाधड खाली आले, भिंतीला बोटभर चीर गेली. आठ दिवस आम्ही अंगणात पथाऱ्या टाकल्या. वर्तमानपत्रात रोज पाटणकडच्या पडलेल्या गावांच्या बातम्या. मी त्या आईला मोठ्यानं वाचून दाखवायचो, आम्ही सगळे सुन्न व्हायचो. आणि खोटं कशाला बोलू? नायकांचं गाव तिकडंच आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. याचा मला आजसुद्धा धक्का बसतो.

भूकंपानंतर दोनेक आठवडे झाले असतील. रविवार होता. दुपारी आई पानं घ्यायच्या तयारीत, वडील आंघोळ करून आलेले, आणि दारात शिट्टी वाजली. लांब, कर्कश. आत्याला वाटलं पुन्हा भूकंप. ती लोणच्याची बरणी पोटाशी धरून थेट अंगणात.

दारात नायक उभे. अंगावर घोंगडं, काखेत ती वही.

“एकेचाळीस!”

माझे पाय आपोआप जुळले. “हजर!”

“जोडीदार?”

“हजर!”

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग मला कळलं की मी बरणी घेऊन उभ्या असलेल्या आत्याकडे बघत होतो.

“लंगडी,” नायक हळूच म्हणाले. रागावले नाहीत. ओसरीच्या कडेवर बसले आणि पाणी मागितलं.

मी विचारलं, “नायक, तुम्ही इकडं कुठं?”

“हजेरी घ्यायला. जमीन हालली. मोजाय नगं का? चाळीस झाले, तू एक राह्यला हुतास. साताऱ्यापास्नं खाली येत ग्येलो. कुठं एस.टी., कुठं चालत. समदे हाईत. एकाच्या पायावर वासा पडला, पर हाय.”

माझा विश्वासच बसेना. एकेचाळीस पोरं, तीही पाच-सात वर्षांपूर्वीची! आम्ही आता पोरंही राहिलो नव्हतो. निम्म्यांना मिशा होत्या. दोघांची लग्नं झाली होती. “सगळ्यांच्या घरी गेलात तुम्ही?”

“मग काय कारडावर इचारू? कारडावर लंगडीच येती.” हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, ही त्यांची मेहेरबानी. “नामदेव कांबळ्याकडं ग्येलो तर काय सांगू गड्या! त्याची भिंत पडलेली, आनि मगदुमाचा बाबू तितं गुडघाभर चिखलात हुबा राहून भिंत रचतोय! म्हनलं, तू हितं कसा? तर म्हनतो, ‘नायक, तुमी येनार आनि जोडीदार इचारनार हे ठावं हुतं. बगितल्याबिगर कसं सांगायचं? भूकंप झाला त्याच दिवशी आष्ट्यावरनं सायकल काडली.’ एका जागंवर दोन हजऱ्या. माजा एक फेरा वाचला.”

ते खूष होऊन हसत होते. बाबू चाळीस मैल सायकल मारत गेला होता. माझ्या जोडीदाराचं गाव रोज पेपरात छापून येत होतं आणि मी ते मोठ्यानं वाचत होतो.

“मी बघितलं नाही नायक,” मी म्हणालो. “मला लाज वाटते.”

“मग आता बग की. मी काय पळून चाललोय?”

मी समोर उभा राहिलो आणि नियमाप्रमाणे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत. कानाच्या मागं, केसांच्या मुळाशी भिंतीची पांढरी माती अजून तशीच होती. गाल आत गेले होते. घोंगडं त्यांचं नव्हतं, कोरं करकरीत होतं, भूकंपग्रस्तांना वाटलेल्यांपैकी. एका पायात वहाण आणि दुसऱ्या पायात कॅनव्हासचा बूट. आल्यापासून डावा हात घोंगड्याबाहेर आलाच नव्हता. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी वही मांडीवर ठेवून उजव्यानंच घेतला होता. मी घोंगडं बाजूला केलं. धोतराच्या फाडलेल्या पट्टीच्या झोळीत तो हात लटकत होता. खांद्यापासून बोटांपर्यंत काळानिळा, सुजून टम्म. ती अर्धी करंगळी ओळखूसुद्धा येत नव्हती.

“हे काय?” मी ओरडलोच. “नायक, तुमचं घर?”

“बसलं,” ते म्हणाले. “छपराचं आडं आंगावर आलं. हात तेवडा घावला.”

“मग कुणी काढलं तुम्हाला?”

“आरं, त्येचीच तर गंमत!” ते पुढं सरसावले, एखादा विनोद सांगावा तसे. “गावात मी रोज सकाळी शिट्टी मारतो. मानसं शेताला निघाली का मोजतो. लोकं हसत्यात, पर जाताजाता हजर म्हनत्यात. तर त्या दिवशी मी खाली, मातीत. हात हलंना. शिट्टी मातूर गळ्यात हुती, ती तोंडात धरली आनि मारली. गाव समदं खळ्यावर जमल्यालं. कुनीतरी म्हनलं, ‘नायक मोजतोय बगा. आज तरी नीट हजर म्हना रं!’ आनि गावानं हजर म्हनलं! मी पुन्यांदा मारली. पुन्यांदा हजर! दुपारपतूर मी शिट्टी मारतोय आनि गाव हजर म्हनतंय. लय शिस्तीत बरं का. एकबी चुकला न्हाई.”

ते हसले. आईनं तोंडाला पदर लावला होता.

“मग?” वडिलांनी विचारलं.

“आमच्या आळीला एक म्हातारी हाय, ठार बहिरी. तिला शिट्टी आयकायाच येत न्हाई. ती म्हनली, ‘समदे दिसत्यात, नायक कुठं दिसंना?’ तिनं आपली नजर टाकली म्हनून घावलो.”

आत्या अजून बरणी धरून उभी होती. तिनं ती खाली ठेवली, आत गेली, हळद आणि तूप घेऊन आली आणि ज्याच्या शिट्टीनं ती पाच मिनिटांपूर्वी अंगणात पळाली होती त्याच्या पायाशी बसली. आत्या गप्प बसलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मला ते कार्ड आठवलं. ‘४१? जोडीदार?’ चार वर्षं मी ‘हजर’ लिहीत होतो. उलट ‘तुम्ही?’ असं एका शब्दानं विचारलं नव्हतं. शेवटी त्यांनीच आठवण करून दिली, तर त्यावर मी हसलो होतो. एकेचाळीस पोरांचा हा एक माणूस, आणि त्याची हजेरी घ्यायची ज्याच्यावर होती तो मी, म्हशी मोजणारा! भूकंपात घर आमचं नाही पडलं, पण त्या क्षणी आत काहीतरी कोसळलं आणि मला तिथल्या तिथं रडू फुटलं.

“जेवून लगेच मिरजेला दवाखान्यात न्यायचं,” वडील म्हणाले. “मी टांगा बघतो.”

आईनं डोळे पुसून विचारलं, “किती पानं घेऊ?”

प्रश्न ऐकल्याबरोबर नायकांचं बोट उठलं. सवयच ती. वडील, आई, आत्या, मी. “चार,” ते म्हणाले.

मी पुढं झालो, त्यांच्या गळ्यातली शिट्टी सुतळीसकट काढून घेतली आणि जोरात फुंकली. वडील दचकले, आत्या किंचाळली.

“बेचाळीस!” मी ओरडलो.

नायकांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. “बेचाळीस नंबर न्हाई रं आपल्यात,” ते गोंधळून म्हणाले. “वही बग की. एकेचाळिसाला संपतंय.”

“बेचाळीस!” मी पुन्हा म्हणालो. आवाज फुटत होता तरी म्हणालो. “ऐकू येत नाही का? रांग खोळंबलीय.”

नायक माझ्याकडे वळले. मग वही ओसरीवर ठेवली आणि उजव्या हातानं खांबाला धरून उठले. एका पायात वहाण, एका पायात बूट, पण टाचा जुळवल्या.

“हजर,” ते म्हणाले. इतक्या बारीक आवाजात आमच्या शिबिरातल्या पहिल्या वर्षाच्या पोरानंसुद्धा कधी हजेरी दिली नसेल.

“जोडीदार?” मी विचारलं.

त्यांनी घाई केली नाही. माझ्या बिनतेलाच्या केसांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत नजर नेली आणि पुन्हा वर आणली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बघायचं काही चुकवलं नाही.

“हजर हाय,” नायक म्हणाले.

आईनं पाचवं पान मांडलं.